‘चला’ म्हणायचं राहिलं

ही गोष्ट खोटी वाटत असेल तर सोनाळ्याला या. गोकुळ तिथेच आहे. फक्त त्याच्या आईसमोर विचारू नका.

गेल्या वर्षीचा पितृपक्ष. अष्टमी. गोकुळच्या वडिलांची, निवृत्तीभाऊंची तिथी. आणि जे घडलं ते रात्री नाही, भर सकाळी, लख्ख उन्हात. तेही इटलीतल्या एका समुद्रकाठच्या गावात.

सोनाळ्याचा माणूस तिकडे कशाला गेला? गोकुळ शेतीची यंत्रं विकणाऱ्या कंपनीत मेकॅनिक. नवं मशीन शिकायला कंपनीने त्याला आणि वरवट बकालच्या फहीमला पंधरा दिवस पाठवलं होतं. दोघं शाळेपासूनचे दोस्त. शेवटच्या दिवशी विमान संध्याकाळचं होतं. पहाटेच फहीमने पांघरूण ओढलं.

“चाल बे, समुद्र पाहून येऊ. दुपारी वापस.”

“घरी नाही सांगतलं.”

“काऊन, लगन कराले चालला का?”

ना बेत, ना तयारी. दोघं आगगाडीत जाऊन बसले. तिथीची गोकुळला आठवणही नव्हती. त्याची त्याला आजही लाज वाटते.

कारण समुद्र हा निवृत्तीभाऊंचा हट्ट होता. सत्तर वर्षांत त्यांनी तो पाहिलाच नव्हता. “दिवाळी झाली की नेतो, बाबा,” असं गोकुळ दरवर्षी म्हणायचा. अशा सात दिवाळ्या गेल्या. मग एक दिवस अकोल्याच्या दवाखान्यातून त्यांना घरी आणलं, ते गाडीत झोपवूनच.

तेव्हा दवाखान्याच्या फाटकात गोकुळची आई, रुखमाबाई, मागे वळली होती. जिथे कोणीच नव्हतं तिकडे पाहून म्हणाली होती, “चला हो, घरी चला.”

त्यांच्या घरची रीतच ती. परक्या जागेतून निघताना आपल्या माणसाला ‘चला’ म्हणायचं. नाहीतर तो तिथेच राहतो.

ते आले असावेत. कारण दुसऱ्या दिवसापासून रोज पहाटे ओसरीत आवाज यायचा...

थप. थप. थप.

तळहातावर तंबाखू मळून थाप मारल्याचा. बाबांची सवय. रुखमाबाई अंथरुणातून ऐकायची आणि निवांत पडून राहायची.

तर, इटली. पहिलं गाव कड्याला चिकटलेलं, पिवळ्या-गुलाबी घरांचं. दोघांनी फोटो काढले, कडू कॉफी तोंड वाकडं करत प्यायले, आणि दुसऱ्या गावात उतरले. तिथली गल्ली थेट पाण्यापर्यंत जात होती.

गल्लीत फहीम शिंकला.

एकदा. दोनदा. मग लागोपाठ.

“कोणीतरी तंबाखू मळून राह्यलं बे,” तो नाक पुसत म्हणाला. “काका मळायचे तवा मले असंच व्हायचं.”

गोकुळने मागे पाहिलं. गल्ली रिकामी होती.

आणि मग...

थप. थप. थप.

अगदी पाठीशी.

तेवढ्यात फोन वाजला. आई होती.

“गोकुळ, कावळा नाही शिवून राह्यला रे. घंटा झाला. भागवत टिनाच्या छपरावर पान ठेवून बसला हाय.” भागवत म्हणजे थोरला भाऊ. “तू कुठी हाये?”

“समुद्रावर, आई.”



“मंग ते तुह्याजवळच हायेत,” ती म्हणाली. “पाहू दे त्याईले. पण निंगतानी ‘चला’ म्हणजो. इसरू नको.”

गोकुळ पाण्याजवळच्या बाकावर बसला. बाजूला एका माणसाची जागा सोडून. “पाहा, बाबा,” एवढंच तो म्हणू शकला.

किनाऱ्यावर पांढऱ्या पक्ष्यांचा नुसता कलकलाट चालला होता. तो एकदम थांबला...

सगळे पक्षी त्या रिकाम्या जागेकडे तोंड करून बसले होते.

गोकुळच्या अंगावर सर्रकन काटा आला. खोटं कशाला सांगा, तो घाबरला. आपल्याच बापाला घाबरला.

“गोकुळ, गाडी आली बे!” वरच्या स्टेशनातून फहीम ओरडला. “हे चुकली तं इमान गेलं!”

गोकुळ उठला तो पळतच सुटला. धापा टाकत पायऱ्या चढला, डब्यात शिरला. दार बंद झालं. गाडी बोगद्यात घुसली.

“बरं झालं,” फहीम म्हणाला. “शिंका थांबल्या.”

गोकुळ झटकन बंद दाराकडे वळला.

तो ‘चला’ म्हणालाच नव्हता.

त्या अंधारात तो पुटपुटला, “चला, बाबा.” पुन्हा म्हणाला. तिसऱ्यांदा मोठ्याने. डब्यातले लोक बघायला लागले.

फहीम शिंकला नाही.

सोनाळ्यात त्या दिवशी कावळा शिवलाच नाही. शेवटी भागवतने पान गाईला घातलं.

आणि दुसऱ्या पहाटेपासून ओसरीतली थाप बंद झाली.

यंदाही पान तसंच राहिलं. रुखमाबाई आता पहाटेच उठून ओसरीत बसते. तंबाखूची डबी उघडून ठेवते आणि कान देऊन ऐकत राहते. परवा तिने विचारलंच.

“तू त्याईले ‘चला’ म्हटलं होतं ना रे?”

“हाव,” गोकुळ म्हणाला.

तिचा चेहरा उजळला. “मंग येऊन राह्यले असतीन. दूर हाय ना.”

हल्ली बाजारात, बसमध्ये, कुठेही कोणी शिंकलं की गोकुळ दचकून मागे वळतो. हळूच ‘चला’ म्हणतो. थोडा वेळ थांबून वाट पाहतो...

अजून तरी कोणी आलेलं नाही.