कंबर म्हणजे नेमकं कुठं

“हे कोणी बांधलं?”

रुग्णवाहिकेतून उतरून डॉक्टर आकांक्षा रस्त्याच्या कडेला गुडघे टेकून बसली, आणि तिचं पहिलं वाक्य हे असं निघालं.

“मी बांधलं,” समोरचा तरुण म्हणाला. केसांत, कानामागे, सगळीकडे झेंडूच्या पाकळ्या. “तुमीच सांगतलं ना फोनवर, कमरेले चादर घट्ट बांधा म्हणून.”

“ही कंबर आहे?”

“मंग काय मान आहे?”

भातकुलीहून अमरावतीच्या बाजारात फुलं नेणारी किशोरची गाडी कलंडली होती आणि त्याची आई, सुभद्राबाई, कुशीवर तिच्याखाली सापडली होती. लोकांनी गाडी उचलून तिला बाहेर काढलं होतं. अंगावर रक्ताचा थेंब नव्हता, म्हणून जमलेले लोक त्याला धीर देत होते. आकांक्षाला मात्र बाईंचे पांढरे पडलेले ओठ दिसत होते, बोटांखाली नाडी धावत होती. ओटीपोटाच्या हाडांचं कडं तुटलं, की रक्त आतल्या आतच साचत जातं. बाहेर काही दिसत नाही, आणि माणूस बोलता बोलता जातो.

चादर बेंबीवर आवळलेली होती. तिथं तिचा काही उपयोग नव्हता.

तिनं ती सोडली, हळूच खाली सरकवली, मांडीचं हाड जिथं जोडलं जातं त्या रेषेत आणली. एक टोक तिच्या हातात, दुसरं त्याच्या. दोघांची तोंडं वीतभर अंतरावर, आणि दोघांच्या डोळ्यांत नुसता जाळ.

“ओढा. अजून.”

“माय कण्हून राहिली ना…”

“कण्हू द्या. कण्हणं थांबलं तर घाबरायचं.”

गाठ बसली. रक्ताची गुठळी टिकावी म्हणून तिनं शिरेतून इंजेक्शन दिलं, अंगावर कांबळं टाकलं, दवाखान्यात रक्त तयार ठेवायला कळवलं. रुग्णवाहिका सुटली तशी ती पुन्हा त्याच्यावर घसरली. पँटच्या खिशाच्या रेषेत बांधायचं असतं, एवढंही कळत नाही का?

किशोरनं मान वर केली. “माह्या मायच्या लुगड्याले खिसा कुठं असते?” मग आवाज उतरला. “ढुंगण म्हणा ना सरळ, मॅडम. मले समजलं असतं.”

तिला भयंकर राग आला, कारण तो बरोबर होता. अकोल्याच्या जुन्या शहरात ती हाच शब्द ऐकत वाढली होती. फोनवर तो जिभेवर आलाही होता, पण डॉक्टर झाल्यापासून तिची जीभ फार सभ्य झाली होती. त्या सभ्यतेपायी ही बाई उगाच रक्त गमावत होती.

शस्त्रक्रिया झाली. सुभद्राबाई वाचल्या.

किशोर मात्र भांडायला येतच राहिला. कधी औषधाच्या वेळेवरून, कधी काहीच कारण नसताना, आणि येताना रोज शेवंती. फुलं कशाला, असं तिनं फटकारलं तर म्हणायचा, काल उरली होती. उरलेली फुलं इतकी ताजी कशी, हे तिनं विचारलं नाही. बाजारातल्या गाडीवाल्यांना ती चादर बांधायला शिकवू लागली, तेव्हा हा मागच्या रांगेत. ती “कंबर” म्हणाली की खाकरायचा. शेवटी चिडून तिनं “ढुंगण” हा शब्द खणखणीत उच्चारला. सगळे हसले, पण त्या दिवशी चादर एकाचीही चुकली नाही.

सुभद्राबाईंना घरी सोडायच्या दिवशी तो व्हरांड्यात तिच्यासमोर उभा राहिला.

“मॅडम, ते… म्हणजे… मायले वाटते, का तुमी आमच्या घरी… कधी…”

“मावशींना काय वाटतं ते त्या सांगतील.” तिचा आवाज चढला. “तुमचं काय? मला सरळ बोलायला शिकवलंत आणि स्वतः कंबर-कंबर करताय?”

त्याचे कान लाल झाले. हातातल्या शेवंतीचा देठ मोडला. आणि मग तिचाच संताप उफाळला, थेट जुन्या शहराच्या बोलीत.

“तू मले पायजे. समजलं, का चादर आणून दाखवू?”

व्हरांड्यातल्या बाकावरचे दोघे-तिघे वळून पाहू लागले.

“समजलं,” किशोर म्हणाला. “मलेही तूच पायजे.” आणि मोडकी शेवंती पुढे करत, “पण आता फोनवरही असंच बोलत जा.”