नाव न लिहिलेली कॅसेट

पौडच्या एसटी स्टँडवर तो मांडीवर टीव्ही घेऊन बसला होता.

जुना, चौदा इंची, मागे ढेरी सुटलेला डबा टीव्ही. छपरातून पाणी ठिबकत होतं आणि हा छत्री स्वतःवर न धरता टीव्हीवर धरून बसलेला! मला हसू आवरेना.

“कुटं निघाला टीव्ही?” मी विचारलं.

त्याने दचकून वर पाहिलं. चष्म्याच्या काचांवर थेंब होते. “माले... मालेला. एसटीत घेतील ना?”

“घेतील की. अर्धं तिकीट लागंल.”

“खरंच?” तो खिसा चाचपू लागला. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्याला कळलं, आणि तो कानापर्यंत लाल झाला.

“भंगारवाल्याकडनं घेतला ना?” मी म्हटलं. “चालायचा न्हाई हा.”

“तुम्हाला काय माहीत?”

“मीच टाकलाय भंगारात. गेल्या आठवड्यात.”

तहसील कचेरीच्या मागच्या गल्लीत आमचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. माझ्या वडिलांचे, अण्णांचे हात थरथरायला लागल्यापासून सोल्डरिंगचे टाके घालायचं काम माझ्याकडे आलं. आयटीआय झालं होतं, हात बसला होता. डबा टीव्ही आता कुणी दुरुस्तीला आणत नाही, टाकूनच देतात. त्यामुळे माझ्यामागून दुकानात चालू टीव्ही मागायला आलेला हा माणूस अण्णांना देवच भेटल्यासारखा वाटला. त्याचं नाव कौस्तुभ. हिंजवडीत नोकरी, आणि मालेत सारजाबाईंच्या दोन खोल्या भाड्याने घेतलेल्या. त्यातली एक त्याला, आणि एक त्याच्या जुन्या कॉम्प्युटरना.

गुरुवारी दुकान बंद असतं. टीव्ही लावून द्यायला मी मालेला गेले तेव्हा सारजाबाई दारातच म्हणाल्या, “बघ बाई, खोकीच खोकी. माणसाला पाय टाकाया जागा न्हाई हितं.”

आत टेबलावर, कॉटवर, खिडकीत अकरा यंत्रं होती. नुसते जाडजूड कीबोर्डच वाटत होते. त्यांना स्वतःचा पडदा नसतो, घरातल्या टीव्हीलाच जोडायचे. चाळीस वर्षांपूर्वीचे घरगुती कॉम्प्युटर!

“हे लागतात कशाला तुम्हाला?” मी विचारलं.

तो वायर सोडवत होता. “लहानपणी साताऱ्याला शेजाऱ्यांकडे असला एक होता. तेव्हाही तो जुनाच होता. रविवारी आळीतली सगळी पोरं जमायची, प्रत्येकाला पाच मिनिटं. मी सगळ्यात लहान... माझी पाळी येईपर्यंत काकू जेवायची पानं घ्यायच्या.”

“मग?”

“मग काय? घरी जायचो. जमिनीवर खडूने बटणं काढून त्यावर टाइप करायचो.”

तो हसला, पण मला नाही हसता आलं. मी टीव्ही सुरू केला. काळ्या पडद्यावर पांढरा चौकोन लुकलुकायला लागला. त्याने दोन ओळी टाइप केल्या, शेवटचं बटण मला दाबायला लावलं, आणि... पडदाभर माझं नाव! गौतमी, गौतमी, गौतमी. खालून वर सरकत जाणारं, थांबेचना.

“बंद कसं करायचं हे?” मी घाबरून विचारलं.

“करता येतं,” तो म्हणाला. “पण... कशाला?”

बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता. आम्ही दोघंही पडद्याकडेच बघत राहिलो.

त्यानंतर दर शनिवारी तो काहीतरी घेऊन दुकानात यायचा. कधी बटण रुतलेलं, कधी अ‍ॅडॉप्टर मेलेला. टाका घालताना मी बोलत नाही, मग तोही बोलायचा नाही. फक्त दिव्याचा उजेड माझ्या हाताकडे वळवून धरायचा. एकदा नुसती वायर सैल झालेला स्विच घेऊन आला. स्क्रूवर ताज्या पिळाच्या खुणा होत्या.

“ही तुम्हीच सैल केलीय,” मी म्हटलं.

“मी?” तो म्हणाला. मग जरा थांबून, “...कळतं का लगेच?”

तो गेल्यावर अण्णा म्हणाले, “ह्या पोराच्या घरात येवढं बिघडतंय तरी काय?” आणि मिशीतल्या मिशीत हसले. मी मान खाली घातली, पण मलाही हसूच येत होतं.

गणपती आले. त्या आठवड्यात आमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. मंडळांचे अ‍ॅम्प्लिफायर, फाटलेले स्पीकर, गावोगावची पोरं घाई करत उभी. त्यातच कौस्तुभ आला. हातात कॅसेटचा जुना टेप. त्याचे कॉम्प्युटर प्रोग्राम साठवायला साधी कॅसेट वापरायचे. प्रोग्राम म्हणजे कॅसेटवर नुसता किर्रर्र आवाज, तो टेप लावून कॉम्प्युटरला ऐकवायचा, मग पडद्यावर चित्र उमटायचं. तो आवाज मला ओळखीचा झाला होता. शिकण्यासाठी म्हणून त्याने एक कॉम्प्युटर माझ्याकडेच ठेवला होता.

“टेप जरा घसरतोय,” तो म्हणाला. “आणि... आत कॅसेट आहे. चालवून बघा. घाई नाही. निवांत बघा.”

गर्दीत त्याचं तोंडही मला धड दिसलं नाही. “बघते,” म्हटलं.

दुसऱ्या दिवशी हेड पुसलं, पट्टा बदलला. आतल्या कॅसेटवर काही लिहिलेलं नव्हतं. टेप तपासायला ठेवलेली कोरी कॅसेट, असं मी धरून चालले. रेकॉर्डचं बटण दाबून “हॅलो, हॅलो” म्हणत होते, तेवढ्यात मंडळाचा किशोर रस्त्यावरूनच खुणा करून अ‍ॅम्प्लिफायर आजच्या आज द्या म्हणून मागे लागला. मी वैतागून म्हटलं, “न्हाई. न्हाई जमायचं. सारखं सारखं विचारू नका.” मग टेप मागे घेतला, आवाज स्वच्छ आलाय एवढं पाहिलं आणि बाजूला ठेवला.

शनिवारी कौस्तुभ आला. त्या दिवशी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता.

“कॅसेट... बघितली?” त्याने विचारलं.

“बघितली की. चोख हाय.”

“मग?”

“मग काय? न्या आता घरी, वाजवून बघा.”

त्याचे डोळे असे उजळले की मला नवल वाटलं. टेप दुरुस्त झाल्याचा एवढा आनंद! तो जवळजवळ धावतच गेला.

पुढच्या शनिवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी मेसेज केला, “सगळं ठीक?” उत्तर आलं, “हो. त्रास दिल्याबद्दल माफ करा.” कसला त्रास? विचारावंसं वाटलं, पण मनात म्हटलं, शहरातला माणूस, हौस फिटली असेल. आपणच काहीतरी समजून बसलो. दिवाळीत धीर करून मालेला गेले, तर खोल्या रिकाम्या.

“बंगळूरला बदली मागून घेतली त्यानं,” सारजाबाई म्हणाल्या. “तुला न्हाई सांगितलं?”

माझ्याकडे ठेवलेला कॉम्प्युटर मी कापडात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवला. दोन स्थळं आली, मी नको म्हटलं. अण्णांनी कारण विचारलं नाही.

अडीच वर्षं गेली. यंदा फेब्रुवारीत फोन वाजला. “गौतमी... कौस्तुभ बोलतोय. पौडजवळच, चांदे गावात राहायला आलोय. सोसायटीच्या हॉलमध्ये माझ्या कॉम्प्युटरचं प्रदर्शन आहे, आणि ऐन वेळी टीव्ही बंद पडलाय. दुसरं कोण दुरुस्त करणार?”

मी गेले. दारातच एक हसरी मुलगी पुढे आली. सहावा महिना असेल. “तुम्हीच गौतमी ना? मी अनुष्का, कौस्तुभची बायको. तुमच्या हातामुळे ही सगळी यंत्रं चालू आहेत, असं सांगतो हा सगळ्यांना.” तिने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. वाकायला जड जात असूनही दिवा आणून धरला.

टीव्हीत एक टाका सुटला होता. जोडला. पडदा उजळला, पोरांनी टाळ्या वाजवल्या. अनुष्का त्यांची रांग लावायला गेली. कौस्तुभ शेजारी वायर गुंडाळत उभा होता. केस कानाशी पांढरे झाले होते.

“एक बोलू? आता बोलायला हरकत नाही,” तो हळूच म्हणाला. “त्या कॅसेटवरचा प्रोग्राम लिहायला मला तीन आठवडे लागले होते. बोलून विचारायचा धीर नव्हता, म्हणून... तुम्ही तो पुसून त्याच्यावर तुमच्या आवाजात उत्तर दिलंत. न्हाई जमायचं, सारखं सारखं विचारू नका. तुमचं बरोबर होतं. एवढं स्पष्ट कुणी सांगत नाही.”

माझ्या हातातला पेचकस तसाच राहिला. किशोर, अ‍ॅम्प्लिफायर, ती गर्दी... सगळं एकदम समोर आलं. ओठांपर्यंत आलं होतं, की मी ऐकलंच नाही हो! मी काही बघितलंच नाही!

समोर अनुष्का एका लहानग्याला खुर्चीवर चढवत होती. तिने वळून आमच्याकडे पाहिलं आणि हसली, मनमोकळं.

“रागावलात का तुम्ही त्यावर?” मी विचारलं.

“नाही. रडलो जरा.” तो हसला. मग शाळेतल्या मुलासारखा, मान खाली घालून म्हणाला, “निदान पाऊस तरी बरा जमला होता का? पडद्यावरचा? एकेक थेंब वेगळा लिहिला होता मी.”

मी त्याच्याकडे पाहिलं. काय काय होतं त्या कॅसेटवर? पाऊस कुठे पडत होता? त्यात मी होते का? माझं नाव शेवटी येत होतं, की आधीच? हे आता कुणालाच विचारता येणार नव्हतं. विचारलं असतं, तर त्याला कळलं असतं.

“लई छान पडत होता,” मी म्हटलं. “मी दोनदा बघितला.”

त्याने डोळे मिटले, उघडले. “मग झालं,” म्हणाला. अनुष्काने हाक मारली, तसा तो गेला.

परतताना घोटावडे फाट्यापर्यंत कशीबशी आले. पुढचा रस्ताच दिसेना, तेव्हा गाडी बाजूला घेतली. उसाच्या रसाचा गाडा होता. ग्लास हातात घेतला आणि पहिल्याच घोटाला डोळे घळाघळा वाहायला लागले.

“आलं जास्त झालं का वो ताई?” गाडेवाल्याने घाबरून विचारलं.

मी मान हलवली, आणि आणखी एक ग्लास मागितला.