वटवट्याची पहिली वीण

मुकोंगा खोऱ्यातल्या संशोधन केंद्राच्या भिंतीवर दोन आलेख शेजारी-शेजारी लावले होते आणि त्यांचे एकमेकांशी मुळीच पटत नव्हते. पहिला आलेख ‘मुद्रापारखी’ या यंत्रणेचा. त्याच्या मते झांबियाच्या या खोऱ्यातले वटवटे पक्षी तीन वर्षांत दीडपट झाले होते. दुसरा शिसपेन्सिलीने, हाताने काढलेला. त्यातली रेघ तीन वर्षांत निम्म्यावर उतरली होती. तो बिना-लुयांडोंचा.

बिना-लुयांडो म्हणजे लुयांडोची आई. टोंगा लोकांत मूलबाळ झालेल्या बाईला तिच्या स्वतःच्या नावाने हाक मारणे बरे दिसत नाही. गेली चाळीस वर्षे त्या केंद्रासाठी घरटी शोधत होत्या. कमरेइतक्या गवतात लपलेले मुठीएवढे घरटे हुडकण्यात आपला हात धरणारे कोणी नाही, असे त्या स्वतःच सांगत. ते खरे असल्यामुळे कोणाला त्याचा राग येत नसे.

“डोळे थकले असतील त्यांचे,” पुण्याच्या मुख्यालयातून संचालक डॉ. बेहेरे पडद्यावर म्हणाले. बेहेरे मूळचे गणिताचे, पक्ष्यांच्या खात्यात नुकतेच आलेले. “चाळीस वर्षं नोंदी केल्या, आदर आहे. पण महिनाअखेरीला त्यांच्या वह्या अधिकृत नोंदींतून काढायच्या आणि त्यांना मोकळं करायचं. तुम्ही सही करा.”

केंद्रात पडद्यासमोर बसलेल्या डॉ. वासंती धुमाळ यांनी मान हलवली, सही मात्र केली नाही. मुद्रापारखी त्यांनीच घडवली होती. आपल्या लेकराची बाजू कोण घेत नाही? पण बिना-लुयांडोंना चुकताना त्यांनी कधी पाहिले नव्हते. अडचण तिथे होती.

“मला एकदा मुळापासून सांगा,” बेहेरे म्हणाले. “एवढ्याशा पक्ष्याला यंत्राचा पहारा कशाला?”

वासंतीबाईंना हा प्रश्न फार आवडे. आपल्याकडे ज्वारीच्या शेतात शेपटी उडवत दिवसभर कुरकुरणारा वटवट्या दिसतो, त्याचाच हा आफ्रिकी भाऊबंद. कुशीला थोडा पिंगट, वजन दोन चमचे साखरेइतके. त्याच्याकडे वळून पाहावे असे वरवर काही नाही.

“इथे पिवळी परभृत नावाची चिमणी आहे,” त्या म्हणाल्या. “ती कोकिळेसारखं दुसऱ्याच्या घरट्यात अंडं घालते. तिचं पिलू सगळा घास खातं, वटवट्याची पिलं उपाशी मरतात. ती वटवट्याच्या अंड्याची नक्कल करते. त्यावर वटवटीनं काय तोड काढली, माहीत आहे? प्रत्येक मादीचं अंडं वेगळं. कुणाचं निळं, कुणाचं पांढरं, शेवाळी, तांबडं. वर कुणाचे ठिपके, कुणाचे डाग, कुणाची गिचमिड. एकदा ठरली ती मुद्रा जन्मभर. मी तिला अंडमुद्रा म्हणते. सगळ्यांची सही सारखी असती, तर नकली सही पकडणार कशी?”

“आणि वारसा?”

“रंग आईकडून लेकीला. नक्षी जिची तिची.”

“पण स्वतःची मुद्रा तिला कळते कशी?”

“पहिल्या विणीत. आयुष्यातली पहिली अंडी ती निरखून घेते आणि तीच आपली म्हणून लक्षात ठेवते. पुढे जे जुळत नाही ते चोचीनं फोडून बाहेर.”

“आणि पहिल्या विणीतच परकं अंडं असलं तर?”

“तर ते जन्मभर आपलं.”

हे वाक्य वासंतीबाईंनी वर्गात शंभरदा सांगितले होते. सवयीच्या वाक्याकडे माणूस लक्ष देत नाही, तसे त्यांनीही दिले नाही. पुढे त्या आपल्या ‘राखणदारां’विषयी भरभरून बोलल्या. बोटाएवढे यंत्र, घरट्याशेजारच्या काडीला लटकणारे. मादी उडाली की आत डोकावणार, मुद्रापारखीला विचारणार आणि परके अंडे मऊ चिमट्याने अलगद काढून टाकणार. असे अठराशे राखणदार खोऱ्यात पहारा करत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिना-लुयांडो वही काखेत मारून दारात उभ्या राहिल्या. बातमी त्यांना कळली होती.

“डॉक्टर, मला काढा, वह्या काढा. पण आधी एका घरट्यावरचा राखणदार बंद करा. घरटं मी निवडणार.”

“कुठलं?”

“पाच वर्षांच्या म्हातारीचं. तुमची यंत्रं यायच्या आधी तिची पहिली वीण झाली आहे.”

दोघी गवतातून निघाल्या. घरटे म्हणजे गवताची विणलेली पिशवी, वरच्या अंगाला दार. आत तीन अंडी होती. दोन निळसर, ठिपक्यांची. एक तांबडे, त्यावर बारीक रेघांची गिचमिड. वासंतीबाईंच्या हातातल्या पडद्यावर उत्तर आले: तांबडे परके, निळी घरची, खात्री सत्त्याण्णव टक्के.

“उलट आहे,” बिना-लुयांडो म्हणाल्या. “तांबडं हिचं. आमच्यात कूळ आईकडून चालतं, आणि ह्यांच्यातही तसंच. मी हिला पणजीपासून ओळखते. ह्या कोपऱ्यातलं कूळ तांबडं. परभृतीनं हिची दोन फेकली, आपली दोन ठेवली.”

“एकीच्या घरट्यात दुसरीची दोन?”

“पूर्वी क्वचित व्हायचं, दुष्काळाच्या वर्षापासून सर्रास चाललंय. वहीत लिहिलं आहे. तुम्ही वाचत नाही.”

राखणदार बंद करून दोघी वारुळाच्या आडोशाला बसल्या. थोड्या वेळाने वटवटी आली. पायात केंद्राच्या रंगीत कड्या. तिने दारातून आत पाहिले, उडाली, परत आली, पुन्हा पाहिले. मग आत शिरली आणि चोचीत फुटके निळे अंडे घेऊन बाहेर पडली. वीस मिनिटांनी दुसरेही नेले. त्यानंतर ती तांबड्यावर बसली, आणि तिची शेपटी तेवढी दारातून बाहेर हलत राहिली.

बिना-लुयांडोंच्या चेहऱ्यावर असे समाधान होते की जणू ते अंडे त्यांनीच घातले आहे.

“पक्षीही चुकू शकतो,” वासंतीबाई हळू आवाजात म्हणाल्या.

“शकतो. मीही चुकले आहे.” त्यांनी वहीचे पहिले पान उघडून पुढे धरले. पहिली ओळ आडव्या रेघेने खोडलेली होती. “माझं पहिलं घरटं. दोन सारखी, एक वेगळं. मला वाटलं, जास्त ती घरची. वेगळं मी काढून टाकलं. दोन आठवड्यांनी आतून दोन परभृती निघाल्या. त्या दिवसापासून मी अंडी मोजायची सोडली आणि आयांची कुळं लिहायला लागले.”

वासंतीबाई खोडलेल्या ओळीकडे बघत राहिल्या. तीन वर्षांपूर्वीचा तो हंगाम त्यांना आठवला. मुद्रापारखीला शिकवण्यासाठी पाचशे घरटी हवी होती. नेमके तेव्हा बिना-लुयांडोंचे मामा वारले. टोंगांत मामा बापाच्या जागी, त्यामुळे त्या महिनाभर सुतकात होत्या. मुख्यालयाला घाई होती. वासंतीबाईंनी एक सोपा नियम लावून पाचशे घरट्यांवर स्वतः खुणा केल्या. जास्त ती घरची. दुष्काळाच्या त्या वर्षी, जेव्हा परभृती दोन-दोन घालत होत्या.

“पहिल्या विणीतच परकं होतं,” त्या पुटपुटल्या. “माझ्या यंत्राच्या.”

पुढचे आपोआप उलगडत गेले. राखणदारांनी तीन वर्षे वटवट्यांची अंडी काढली आणि परभृतींची सांभाळली. सांभाळलेली प्रत्येक परभृत मुद्रापारखीने वटवट्या म्हणून मोजली, म्हणून रेघ चढत गेली. आणि ज्या तरुण माद्यांची पहिली वीण पहाऱ्यात झाली, त्यांना स्वतःचे अंडे दिसलेच नाही. त्या परक्याला आपले समजून बसल्या होत्या. वासंतीबाईंना खूप लाज वाटली. त्यांनी तिथल्या तिथे, गवतात उभ्या राहून, अठराशे राखणदार बंद केले.

तरी नुसत्या पटण्याने पुण्याचे समाधान होणार नव्हते. मुद्रापारखीने ‘घरची’ म्हणून पास केलेली चाळीस अंडी त्यांनी उबवणीच्या पेटीत ठेवली. बिना-लुयांडोंनी प्रत्येक अंड्याबद्दल आधीच आपला निकाल कागदावर लिहून पाकीट बंद केले. दोन आठवड्यांत सगळी फुटली. पिलाच्या तोंडाच्या आतल्या रंगावरून जात लगेच कळते. एकतीस परभृती, नऊ वटवटे. पाकीट उघडले. चाळीसच्या चाळीस बरोबर.

केंद्रातला प्रत्येक जण ते पाकीट हातात घेऊन बघून गेला. वासंतीबाईंनी ते तिसऱ्यांदा वाचले, आणि आपले यंत्र हरले आहे हे त्यांच्या ध्यानातच राहिले नाही. त्यांना अभिमान वाटत होता, आणि तो त्यांनी लपवला नाही.

महिनाअखेरीला बेहेरे पुन्हा पडद्यावर आले. त्यांचा स्वर नरम होता, पण गणिताची सवय सुटली नव्हती.

“वासंतीबाई, जरा विचार करा. तुमचं धरून आपल्या तिन्ही केंद्रांतली यंत्रं एकच उत्तर देतात. विरोधात एकटी बाई. मी मंडळाला काय सांगू?”

“तिन्ही यंत्रं मीच शिकवलेली आहेत, सर. एकाच विणीतली. आणि त्या घरट्यातही निळी दोन होती, तांबडं एकटंच होतं.”

बेहेरेंनी समोरचा आलेख बाजूला सारला. मग म्हणाले, “सही?”

“केली आहे. मजकूर तेवढा बदललाय. काढून टाकायच्या नोंदी मुद्रापारखीच्या, तीन वर्षांच्या. चूक करणाऱ्याचं नाव खाली आहे, माझं. यंत्र आता कोऱ्यापासून शिकेल.”

“कोणाकडून?”

वासंतीबाईंनी पडदा थोडा वळवला. मागे टेबलाशी चष्मा लावून बिना-लुयांडो बसल्या होत्या. समोर चाळीस वह्यांची चळत, आणि मुद्रापारखीचा कॅमेरा पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर रोखलेला. यंत्राने पडद्यावर प्रश्न विचारला होता: पहिली ओळ खोडलेली आहे, वगळू का?

“नको,” बिना-लुयांडो म्हणाल्या. “तिथूनच सुरुवात कर.”