थोरल्याच्या वाटची पेरणी

दिराने खुंटीवर अडकवलेली टोपी अविनोने काढली आणि साऱ्या भावकीच्या देखत अंगणात भिरकावून दिली!

विधवेच्या घरात दिराची टोपी टांगली की ती बायको म्हणून त्याची झाली, घरावरचं मरणाचं सावट फिटलं, ही वाडवडिलांची रीत. ती मोडण्याची हिंमत सरोवराकाठच्या या गावात आजवर कुणी केली नव्हती.

"पांढऱ्या पायाचे!" सासू अकुमु छाती पिटत ओरडली. "माझा थोरला खाल्लास, आता धाकट्याला चारचौघांत लाथाडतेस? तुझ्या माहेरची, अलेगोची माणसं लेकींना हेच शिकवून पाठवतात का गं?"

"भावजी, मला माफ करा..." अविनो एवढंच पुटपुटली.

"अहो, उचला ती टोपी!" दिराची, ओवितीची, तरणी बायको अकोको बाळाला छातीशी धरून फणफणली. "मी हिला सवत म्हणून पत्करायला तयार झाले, आणि नाक हीच मुरडते! राणीसाहेबांना कारखान्यातला साहेब हवा असेल!"

अविनोने दूध पिणाऱ्या त्या बाळाकडे पाहिलं आणि खाली मान घातली. काय सांगणार होती ती? साखर कारखान्यातून तिचा नवरा ओदेरो हाडांचा सापळा होऊन परतला, तेव्हा दवाखान्यातल्या नर्सने दोघांचं रक्त तपासून दोघांनाही एचआयव्ही असल्याचं सांगितलं होतं. लेक अमोंदी तेवढी सुटली होती. मरणाआधी ओदेरोने अविनोचा हात घट्ट धरला होता... "आईला कळू देऊ नकोस. लोक चिरा लागला म्हणोत, रीत मोडल्याचा तो शाप भोवला म्हणोत, पण हे नाव नको! शपथ आहे तुला माझी." आणि त्या अभागिनीने ती शपथ काळजात पुरून टाकली होती.

पण पाऊस कुणाच्या शपथेसाठी थांबतो का? शेजारपाजारच्या रानांत मक्याचे कोंब वर आले, आणि या घराचं रान मात्र उघडं पडलं. थोरल्याच्या वाटचं शेत पेरल्याशिवाय धाकट्याने बी टाकायचं नाही, आणि टोपी नाकारलेल्या विधवेने बियाला हात लावायचा नाही! तिच्या गळक्या छपरावर गवताची पेंढी टाकायलाही कुणी धजेना.

"तुझ्या माजापायी आमचं बी पोत्यात सडतंय," ओविती येता-जाता ऐकवी. अकोको तर ती दिसली की थुंके. अविनो सगळं गिळत राहिली. पण एका दुपारी अमोंदी वाडगं घेऊन आजीच्या चुलीपाशी गेली आणि आजीने डाव उगारला. "जा, तुझ्या आईला माग! शापाच्या हाताला माझ्या भांड्यात जागा नाही!" पोर रडतही नव्हती, रिकामं वाडगं पोटाशी धरून आली आणि भिंतीला टेकून बसली. अविनोच्या अंतःकरणाच्या चिंधड्या झाल्या!

संध्याकाळी अकुमुने निर्वाणीचं सांगितलं, "उद्या भावकी पुन्हा बसणार आहे. ओवितीला घरात घे, नाहीतर पोरीला इथे ठेव आणि चालती हो!"

अविनो सासूच्या मागोमाग तिच्या घरात शिरली, दार लोटलं आणि तिच्या पायांशी बसली.

"आई, ओवितीला माझ्याकडे पाठवलंत तर तुमचा दुसरा मुलगाही जाईल. ओदेरोला चिरा नव्हता लागला... त्याला तो रोग होता, एड्स. माझ्याही रक्तात तेच विष आहे."

खाडकन तिच्या तोंडात बसली.

"मेलेल्याचं नाव बाटवतेस? जीभ हासडून हातात देईन!"

"मारा, आई... हवं तेवढं मारा. पण ओवितीला वाचवा. त्याच्याकडून ते अकोकोला होईल आणि तिच्या दुधातून त्या तान्ह्या जिवाला!"

अकुमुचा हात पुन्हा उचलला गेला आणि तसाच वर राहिला. लेकाच्या शेवटच्या दिवसांत त्याच्या तोंडातले पांढरे चट्टे तिनेच ओल्या फडक्याने पुसले होते. असे चट्टे तिने गावात आणखीही कुणाकुणाच्या तोंडात पाहिले होते... आणि मन घट्ट करून डोळे मिटले होते! म्हातारीने उगारलेला हात खाली घेतला.

"मला का नाही सांगितलंस?"

"ओदेरोने शपथ घातली होती."

"मग तूही मरणार?"

"दवाखान्यातून गोळ्या मिळतात. रोज नेमाने घेतल्या तर जगेन म्हणतात."

"ऊठ इथून," अकुमु भिंतीकडे तोंड फिरवून म्हणाली. "तुझं तोंड दाखवू नकोस मला."

सकाळी भावकी जमली. चुलत सासरा ओमोलो घसा खाकरतो न खाकरतो, तोच अकुमु बियांची पाटी आणि कुदळ घेऊन सरळ ओदेरोच्या शेतात उतरली.

"वेड लागलं का तुला?" ओमोलो किंचाळला. "सुनेची शुद्धी झाल्याशिवाय पेरतेस? शाप लागेल!"

"लागू दे, मला लागू दे!" म्हातारी कडाडली. "ज्याला मी जन्म दिला त्याच्या वाटचं मीच पेरते! सून या घरात अशीच राहील. पुन्हा तिच्या दारात कुणाची टोपी दिसली तर चुलीत घालीन. ओविती, बघतोस काय? जा, बैल जुंप!"

भावकी शिव्या देत उठून गेली. पुढे कित्येक महिने अकुमुच्या हातचं पाणीही कुणी घेतलं नाही. म्हातारीला चळ लागलाय असं गावभर झालं. तिने कुणालाच कारण सांगितलं नाही. लेकाचं नाव तिने जपलं आणि सुनेचंही. अकोको अजूनही अविनो दिसली की थुंकते, आणि अविनो तिच्या पाठीवरच्या गुटगुटीत बाळाकडे पाहून मुकाट्याने पुढे जाते.

सासूने तोंडभरून एक गोड शब्द कधी दिला नाही. पण रोज सकाळी ती दारात उभी राहून साऱ्या अंगणाला ऐकू जाईल अशी कर्कश ओरडते, "अगं ए अलेगोवाली! खाल्लंस का?"

बघा, म्हातारी हिचं खाणंही काढते, म्हणून अकोको खुदकन हसते.

अविनो जिभेवरची कडू गोळी पाण्याबरोबर गिळते, डोळे पुसते आणि आतूनच ओ देते...

"खाल्लं, आई!"