भिंतीला हात टेकेल इतकं जवळ

धप्प!

आवाज तसा मोठा नव्हता. पण त्यानंतर भिंतीपलीकडे काहीतरी घरंगळत गेलं, काहीतरी आपटलं, आणि मग जी शांतता पसरली ती मात्र चांगलीच मोठी होती.

तिने इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. झालं! आता शेजारचाही भांडायला येणार.

आलाच तो. गॅरेजच्या तोंडाशी उभा राहिला. गळ्यात हेडफोन, पायांत नुसते मोजे, हातात अर्धा ग्लास पाणी... आणि उरलेलं अर्धं त्याच्या शर्टावर.

"एक विचारू?" तो म्हणाला. "तुम्हांला आत यायचं होतं, की पलीकडे?"

"म्हणजे?"

"म्हणजे भिंत पाडूनच यायचं असेल, तर मी टेबल बाजूला घेतो."

भांडायला आलेल्या माणसाचा आवाज असा नसतो. खोल, सावकाश, जणू प्रत्येक शब्द हात धरून पायरी उतरवत आणतोय. तिला हसू यायला हवं होतं. आलं रडू.

तो एकदम गडबडला. "अहो... अहो, मी गंमत केली. लागलं का कुठे?"

"मला नाही, गाडीला लागलं," तिने नाक ओढलं. "या आठवड्यात तिसऱ्यांदा. तुमचं काही फुटलं का?"

"फुटलं नाही, पण नायिका मरत होती. चांगली तीन पानं मरत होती बिचारी. शेवटचा श्वास घेतला, आणि पीं पीं पीं... धप्प! आता ऐकणाऱ्याला वाटेल, हिला टेम्पोने उडवलं."

आता मात्र तिला हसू फुटलं. डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू. तो बघतच राहिला. मग आपण बघतोय हे लक्षात येऊन हातातल्या ग्लासकडे बघू लागला.

तो पुस्तकं वाचायचा. हौस म्हणून नव्हे, पोटासाठी. ज्यांना वाचता येत नाही किंवा वाचायला सवड नाही, अशा लोकांसाठी तो माइकसमोर बसून आख्खीच्या आख्खी पुस्तकं मोठ्याने वाचायचा आणि रेकॉर्ड करायचा. दोन महिन्यांपूर्वी त्याने शेजारची तळमजल्याची खोली भाड्याने घेतली होती आणि बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून भिंतींना रजया टांगल्या होत्या. संध्याकाळी त्याचा आवाज अस्पष्ट घुमायचा. तिच्या बाबांनी त्याचं नावच ठेवलं होतं, रेडिओ.

आणि ती? ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे एकामागून एक भिंग धरायची आणि विचारायची, "हे बरं, की आधीचं बरं?" दादा फोनवर टोमणा मारायचाच, "लोकांना मुंगीएवढी अक्षरं दाखवतेस आणि तुला एवढी मोठी भिंत दिसत नाही होय गं?"

भिंत दिसत होती. भिंतीच्या किती जवळ जायचं, तिथेच सगळं घोडं अडत होतं.

त्यांचं गॅरेज म्हणजे काडेपेटी. उजवीकडे रेडिओची खोली, डावीकडे त्यांचं घर. गॅरेजमधून घरात उघडणारा एक दरवाजा होता, एकाच पातळीवर, मध्ये पायरी नाही. पुढच्या दाराला मात्र उभ्याच्या उभ्या पायऱ्या. बाबांचं खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्या पायऱ्या म्हणजे डोंगरच. मागच्या महिन्यात दवाखान्यातून परतताना दोन शेजाऱ्यांनी त्यांना खुर्चीसकट उचलून वर नेलं होतं. रात्री जेवताना बाबा एवढंच म्हणाले, "चिऊ, मला परत सामानासारखं उचलू नका." तेव्हापासून ते घराबाहेर पडले नव्हते. बागेत जाणं बंद, मित्राकडे बुद्धिबळ बंद. खिडकीपाशी बसायचे आणि रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न ओळखायचे.

गाडी गॅरेजमध्ये नीट लागली तर बाबा आतल्या आत उतरून, काठी टेकत, आपल्या पायांनी घरात जाऊ शकत होते. पण त्यांच्या बाजूचं दार पुरतं उघडायचं तर गाडी उलटी घालून उजव्या भिंतीला अगदी बिलगून लावायला हवी. इतकी, की चालवणाऱ्याच्या बाजूचं दार उघडणारच नाही. बाबा उतरल्यावर तिने गिअरवरून पाय टाकून डावीकडूनच उतरायचं. बाबा चालवायचे तेव्हा त्यांना सवय होती. तिच्या हातून मात्र... तीन ओरखडे पडले होते.

"आणि रविवारी दादा येतोय," ती त्याला सांगत होती. एवढं सगळं आपण या मोजे घातलेल्या माणसाला का सांगतोय, हे तिलाही कळत नव्हतं. "त्याच्यासमोर बाबांना बसवून गाडी आत लावून दाखवायची. नाही जमलं तर त्याचा मित्र गाडी विकत घेऊन जाणार. दादा वाईट नाही हो. त्याला वाटतं, मी बाबांना घेऊन कुठेतरी धडकेन. पण गाडी गेली, की बाबा त्या खिडकीतच..."

तो भिंतीजवळ गेला. ओरखड्यांवरून त्याने बोट फिरवलं.

"मला पलीकडून सगळं ऐकू येतं," तो म्हणाला. "गाडी किती जवळ आली तेसुद्धा. आधी भिंत गुणगुणते, मग माझा ग्लास किणकिणतो, आणि मग तुम्ही म्हणता, 'अगं बाई, बस!'"

"मी असं म्हणते?"

"दर वेळी. माझ्या तिसऱ्या प्रकरणात आहात तुम्ही."

ती लाजेने लालबुंद झाली.

"उद्यापासून मी भिंतीवर ठोकत जाईन," तो म्हणाला. "दोनदा ठोकलं म्हणजे 'ये'. एकदा ठोकलं म्हणजे 'थांब'. चालेल?"

चालेल? तिला तर धावेल असं झालं होतं.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळ झाली, की भिंत बोलायला लागली. ठक ठक... ये. ठक ठक... ये. ठक! थांब. ती कचकन ब्रेक दाबायची. मग तो बाहेर यायचा, ओणवा होऊन अंतर बघायचा.

"घाबरलात की तुमचा पाय दाबला जातो. इंजिन किंचाळतं. क्लच अर्धा सोडा आणि गाडीला तिची ती सरकू द्या."

"तिची ती सरकली तर तुमच्या टेबलावर येईल."

"येऊ दे. पाहुणचार करू."

"तुम्ही सगळ्यांशीच असं बोलता?"

"नाही. बाकीच्यांसाठी लिहिलेलं वाचतो."

तिने घाईघाईने गिअर टाकला. चुकीचा पडला.

एका संध्याकाळी पावसाची बारीक भुरभुर होती. ओल्या टायरांची चर्रचर्र आणि काचेवर वायपरची टकटक, त्यात त्याची ठकठक तिला नीट ऐकूच येईना. वैतागून ती म्हणाली, "तुम्हीच एकदा लावून दाखवा ना!"

तो मान खाजवू लागला. "मला... गाडी येत नाही."

"काय?"

"सायकल येते."

"अहो, मग इतके दिवस शिकवताय काय मला?"

"मी कुठे शिकवतोय? मी ऐकतोय," तो इतक्या गरिबासारखा म्हणाला, की ती स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसतच सुटली. कोपर हॉर्नला लागलं, गाडी भसाड्या आवाजात ओरडली, आणि घरातून बाबांचा आवाज आला, "रेडिओला धडकलीस का गं?"

शिकवत नव्हता म्हणावं तर गाडी रोज वीतभर जास्त सरळ जात होती. तोंडाशी येईतो चाकं सरळ करायची, आरशात भिंतीची कड बघायची, घाई करायची नाही. खिडकीतून हात काढला, की तळवा भिंतीला टेकला पाहिजे, तेच माप. शुक्रवारी तो टेकला. भिंत दिवसभराच्या उकाड्याने कोमट होती. पलीकडे तोही हात टेकून उभा असेल का... असला वेडा विचार मनात आला, आणि तिने हात पटकन आत घेतला, जणू कोणी पाहिलंच.

त्याच रात्री जेवताना बाबा म्हणाले, "रेडिओ खोली सोडतोय म्हणे. घरमालकीण सांगत होती. गाडीच्या आवाजाने काम होत नाही, म्हणून मागेच दुसरीकडे शांत जागा बघून ठेवलीय त्याने."

तिने अर्धं ताट तसंच बाजूला सरकवलं.

शनिवारी ती मुद्दाम कोरडी वागली. ठक ठक म्हटलं की मागे, ठक म्हटलं की ब्रेक. गाडी पहिल्याच फेरीत बिनचूक लागली. तो बाहेर आला, खूश होऊन काही बोलणार होता. तिचा चेहरा पाहून थांबला.

"उद्या मी ठोकणार नाही," तो म्हणाला.

"का?"

"रोज कोणीतरी पलीकडे असेलच, असं नाही ना. तुमचं तुम्हांला यायला हवं."

"हो," ती म्हणाली. "तुमची शांत जागा मिळालीच आहे म्हणा."

त्याने तोंड उघडलं... पण घरातून बाबांनी हाक मारली आणि ती वळून आत गेली.

रविवारी दादा आला. त्याचा मित्रही आला आणि समोर आपल्या मोटारसायकलला टेकून उभा राहिला. बाबांना घरातूनच, गॅरेजच्या दाराने गाडीत बसवलं. कित्येक दिवसांनी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. गाडी रस्त्यावर आली, कोपऱ्यावरून वळसा घेऊन परत आली. एवढ्या वळशातसुद्धा बाबांनी तीन दुकानांच्या नव्या पाट्या मोठ्याने वाचल्या.

"हं, घे आता आत," दादा घराच्या दारात उभा राहून म्हणाला. "सावकाश. नाही जमलं तर लगेच सांग, उगाच हट्ट नको."

तिने गिअर टाकला. पीं पीं पीं. क्लच अर्धा. भिंत उजवीकडून हळूहळू आत येऊ लागली. पलीकडे अगदी शांत होतं. ठरवल्याप्रमाणे.

ठक!

पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी हिसका देऊन थांबली. अर्धी आत, अर्धी बाहेर.

"काय झालं? अडकली?" दादाने विचारलं. मित्र मोटारसायकलपासून सरळ उभा राहिला.

तो ठोकणार नव्हता. तरी ठोकलं, म्हणजे लागतंयच कुठेतरी. बाबा शेजारी श्वास रोखून बसले होते.

आणि मग तिला आठवलं, दुकानात रोज ती काय सांगते ते. शेवटच्या ओळीशी आलं, की माणसं घाबरतात, अंदाजाने अक्षरं ठोकून देतात. तेव्हा ती हळूच म्हणते, 'अंदाज नको. दिसतंय ते सांगा.'

तिने आरशात पाहिलं. काय दिसतंय? गाडीची कड. भिंतीची कड. मध्ये प्रकाशाची एक पट्टी, पुढे जेवढी तेवढीच मागे. चाकं सरळ. काही म्हणजे काही लागत नव्हतं.

"नाही अडकली, दादा," ती म्हणाली आणि ब्रेक सोडला.

गाडी तिची ती सरकली. इंजिन किंचाळलं नाही, 'अगं बाई, बस' झालं नाही. मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या जुन्या टायरला गाडीने हलकेच स्पर्श केला, आणि तिने खिडकीतून हात काढला. तळवा भिंतीला टेकला.

डावं दार पुरतं उघडलं. बाबांनी आधी काठी बाहेर ठेवली, मग एक पाय, मग दुसरा. दादा हात द्यायला धावला तर म्हणाले, "सरक बाजूला. मला येतं." आणि ठक ठक करत ते आपल्या घरात, आपल्या पायांनी गेले. दाराशी वळून मात्र ओशाळून पुटपुटले, "चिऊ, मघाशी माझी काठी निसटून दारावर आपटली गं. तू थांबलीस, म्हणून मी बोललोच नाही."

दादा गाडीभोवती शक्य तितका फिरला. मित्राजवळ जाऊन काहीतरी बोलला. मोटारसायकल सुरू झाली आणि निघून गेली. मग उघड्या डाव्या दारातून डोकं आत घालून तो तिला म्हणाला, "पुढच्या वेळी मला स्टेशनावर घ्यायला येत जा," आणि तिची वेणी ओढून आत पळाला, अगदी लहानपणासारखा.

ती एकटीच गाडीत बसून राहिली. जमलं होतं. आता ठोकायला कोणाची गरज नव्हती. म्हणूनच की काय, तिला उतरावंसं वाटेना.

हात अजून भिंतीवरच होता. तिने बोटं मिटली... उघडली... पुन्हा मिटली. आणि ठोकलं.

ठक ठक.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. दार. आणि तो आला. गळ्यात हेडफोन, पायांत मोजे. डाव्या दाराने वाकून शेजारच्या सीटवर येऊन बसला. गाडी एकदम फार लहान वाटू लागली.

"आज धडकला नाहीत," तो म्हणाला. "आवाज कसला झाला मग?"

"मी ठोकलं."

"दोनदा?"

"दोनदा."

तो समोर बघत राहिला. शब्द पायरी उतरेनात. "ती शांत जागा... काल रात्री परत बघून आलो. फार शांत आहे. दिवसभर वाचा, कोणी धडकतच नाही." त्याने हेडफोनची वायर बोटाभोवती गुंडाळली. "घरमालकिणीला सांगितलं, मी राहतोय. आता आवाज झाला नाही तरी... म्हणजे तुम्ही... तू..." तो अडखळला. "तू म्हटलं तर चालेल?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. रोज कितीतरी डोळे जवळून बघणारी ती. पण इतके घाबरलेले डोळे कुणाचेच नव्हते, आणि इतके स्वच्छही.

"म्हणून बघ परत," ती म्हणाली. "हे बरं, की आधीचं बरं, ते मला सांगता येईल."

"तू," तो म्हणाला.

"हे बरं," ती म्हणाली. "हे खूपच बरं."

तिचा हात गिअरवर होता. त्याचा हात त्यावर आला, हळू, अर्ध्या क्लचवर आल्यासारखा. अंतर उरलंच नव्हतं.

तेवढ्यात घराच्या दारावर आतून काठी वाजली.

ठक ठक.

"चहा झालाय," आतून बाबांचा आवाज आला. "रेडिओलाही घेऊन ये."