गुरुवारी दुपारी मी जागेवर नसते

विषय: उजवं-डावं

त्याचं पहिलंच ईमेल रागाचं होतं.

"तुमच्याकडून आलेल्या चष्म्यात उजवी काच डावीकडे बसवली आहे. माझं गिऱ्हाईक जिन्यावरून पडता पडता वाचलं. उत्तर लगेच हवं."

गुरुवार. दोन वाजून पंधरा मिनिटं.

उत्तर लगेच गेलं. मी नव्हते, तरी गेलं.

"आज दुपारी मी जागेवर नाही. काम अडलं असेल तर शेजारच्या टेबलावरच्या ताईंना लिहा, त्या माझ्यापेक्षा शांत आहेत. रागावला असाल तर पाच मिनिटं डोळे मिटून बसा. दिवसभर दुसऱ्यांच्या डोळ्यांची काळजी घेता, तुमच्या डोळ्यांनाही थोडी सुट्टी द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन.

"चष्म्याच्या दुकानातून बोलतोय. काल रागावलेला, तो."

"चूक आमचीच होती. नवीन काचा आजच—"

"ते होईल हो. मी खरंच डोळे मिटून बसलो."

"मग?"

"गिऱ्हाइकाला वाटलं, मला झोप लागली. निघून गेलं बिचारं."

मी हसले. शेजारच्या ताईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांत त्यांनी तो आवाज ऐकला नव्हता.

*

(हे आधी सांगायला हवं होतं.)

चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात मी ऑर्डरी बघते. बाबांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा. सोमवारी भाऊ जायचा, गुरुवारी मी. चार तास. खिडकीबाहेर भिंत, भिंतीवर पाण्याचे ओघळ, आणि यंत्राची घरघर. बाबांचं रक्त बाहेर जायचं, परत यायचं. आम्ही दोघं दुसरीकडे बघत बसायचो.

बाबांनी तीस वर्षं विमा कंपनीत नकाराची पत्रं लिहिली होती. तुमचा दावा मान्य करता येत नाही, क्षमस्व, वगैरे.

"रजेवर असताना आपोआप जाणारं उत्तर म्हणजे नकारच," ते म्हणाले. "वाच बघू, तू काय ठेवलंयस."

"मी सध्या उपलब्ध नाही. कृपया नंतर संपर्क साधावा."

"हे काय? दार धाडकन लावलंस की तोंडावर. नुसतं लोटायचं असतं, पोरी. फट ठेवायची." मग डोळे मिटून म्हणाले, "लिही. आज दुपारी मी जागेवर नाही..."

तेव्हापासून दर गुरुवारी पुढच्या गुरुवारचं उत्तर ते सांगायचे, मी मोबाइलवर टिपून घ्यायचे. त्या चार तासांत तेवढाच वेळ त्यांच्या चेहऱ्यावर रंग असायचा.

*

विषय: चौकशी

"तुमच्याकडे काचा मिळतात का?"

(गुरुवार, सव्वादोन. काचांच्या कारखान्याला.)

विषय: अत्यंत तातडीचं

"काही नाही. आज काय लिहिलंय ते बघायचं होतं. एका माणसाला एका गुरुवारी एकदाच उत्तर जातं म्हणे, म्हणून मागच्या वेळचं जपून ठेवलंय."

मी बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी उशीवर मान वळवली.

"हा चष्मेवाला माझ्या प्रेमात पडलाय."

"बाबा."

"दिसायला कसा आहे?"

"मी पाहिलेलं नाही."

"मग लाजतेस कशाला?"

*

पाहिलं ते एका मंगळवारी. बाहेर बारीक, थंड, कंटाळवाणा पाऊस. तो पार्सल न्यायला स्वतः आला. उंच, ओल्या कोटाचा वास, आणि स्वतःला चष्मा नाही.

"तुमचा वाकडा बसलाय," तो म्हणाला. नमस्कार नाही, काही नाही. "काढा."

मी चष्मा काढून दिला. त्याने काडी बोटांत धरून हळूच वाकवली, काच शर्टाला पुसली, आणि... चष्मा माझ्या कानांवर परत ठेवला. त्याची बोटं गार होती.

मधल्या अर्ध्या मिनिटात मला नुसता एक करडा डाग दिसत होता. त्या डागाने विचारलं,

"त्या ओळी तुम्हीच लिहिता ना?"

"हो," मी म्हणाले.

डागाशी खोटं बोलणं सोपं असतं. चष्मा चढला, त्याचा चेहरा दिसला, किती खूश झाला होता तेही दिसलं... आणि मग ते 'हो' परत घेता येईना.

गुरुवारी बाबांना सांगितलं.

"माझं श्रेय लाटलंस. हरकत नाही," ते म्हणाले. "पण मी गेल्यावर तुझी पंचाईत होईल. त्याला सांगून टाक."

"सांगेन."

सांगितलं नाही. ओळी संपल्या तर तोही संपेल, असं वाटायचं.

*

बाबा एका बुधवारी गेले.

*

"सदर कर्मचारी रजेवर आहेत. कृपया ऑर्डर विभागाशी संपर्क साधावा."

हे ऑफिसने लावलं होतं. दोन आठवड्यांनी परतले तेव्हा त्याखाली त्याचं उत्तर पडलेलं होतं.

"हे तुम्ही लिहिलेलं नाही. काय झालंय?"

"त्याचा फोनही आला होता," ताई म्हणाल्या. "मी सांगितलं बाबांचं. चाललं ना?"

मी मान हलवली.

*

आणि मग गुरुवार आला. मला कुठेही जायचं नव्हतं. दुपारभर मी माझ्या खुर्चीत बसून होते, आणि ती खुर्ची दुसऱ्याच कुणाची तरी वाटत होती.

दोन वाजून पंधरा मिनिटं. विषय: रिकामा. आत दोन शब्द.

"गुरुवार आहे."

आपोआप काहीही गेलं नाही. मी लिहिलं. खोडलं. लिहिलं.

"त्या ओळी माझ्या नव्हत्या. बाबा सांगायचे, मी उतरवून घ्यायचे. तुम्हाला ज्यांच्याशी बोलायला आवडायचं, ते आता नाहीत. मला तसं लिहिता येत नाही. मी जागेवर आहे."

पाठवलं. क्षणात उत्तर आलं. वाचून लिहिलेलं नव्हतंच ते.

"दुकान दुपारनंतर बंद. मालक एक चष्मा सरळ करायला गेले आहेत. रडणारी माणसं चष्मा एका हाताने काढतात, त्याने डावी काडी सैल होते. गैरसोयीबद्दल... वगैरे."

मी डावी काडी चाचपली. लुळी पडली होती.

*

तो आला तेव्हा हातात मोबाइल होता. बाहेर तसाच पाऊस.

"वाटेत वाचलं," तो म्हणाला.

मी त्याच्यासाठी खुर्ची ओढली.

"सगळ्या त्यांच्याच होत्या?"

"सगळ्या."

तो खिडकीकडे वळला. "मला वाटलं होतं, एकदा तरी भेटेन त्या लिहिणाऱ्याला," तो म्हणाला. माझ्या लक्षात आलं, बाबांसाठी इतकं वाईट वाटलेला घराबाहेरचा हा पहिलाच माणूस.

"आणि ही शेवटची?" त्याने विचारलं. "मी जागेवर आहे. ही कुणाची?"

"...माझी."

"हं." त्याने मोबाइल खिशात ठेवला. "तीही जपून ठेवतो."

मग त्याने हात पुढे केला, चष्म्यासाठी.

"आत्ता नको," मी म्हणाले. "आत्ता मला दिसू दे."