सागाचं खोटं वर्ष

त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो आमच्या सुतारशाळेत सागाच्या ओंडक्यासमोर गुडघे टेकून बसला होता — आणि माझ्या हंड्यातलं पाणी तांब्यातांब्यानं लाकडावर ओतत होता.

एकोणीसशे सेहेचाळीसचा उन्हाळा. नगरातल्या विहिरी तळाला गेलेल्या. तो हंडा मी उन्हातून डोक्यावर आणलेला!

"अहो, लाकडाला तहान लागलीय का?"

"ओलं केलं की वलयं उठून दिसतात," वर न बघताच तो म्हणाला. मग बघितलं… आणि तांब्या हातातच राहिला.

नाव याकोब. पुण्याच्या कॉलेजात झाडांचा अभ्यास करायचा. आमच्याकडे साग येई अकोले तालुक्याच्या डोंगरातून. त्याच्या पोटात म्हणे दर वर्षाचं एक वलय असतं. भरल्या पावसाचं रुंद, दुष्काळाचं अरुंद. तो ते बघत बसे नि बाबांची करवत अडून राही.

"दीना, ह्यो मानूस लाकूड कापू देतो का न्हाई?" बाबा मलाच विचारत. जणू मीच आणला होता!

"माझ्या जन्माचं साल दाखवा," एकदा मी म्हटलं. "सव्वीस."

त्याचं बोट सालीकडून आत सरकत एका रुंद, मधाच्या रंगाच्या वलयावर थांबलं. "हे. त्या वर्षी पाऊस चांगला झाला… बहुधा."

"बहुधा?"

"एका झाडावरून कसं सांगू? शेजारचं झाड पडून याला जास्त ऊन मिळालं असेल."

"आणि माझ्याकडे एवढं बघता, तेही शेजारचं झाड पडलं म्हणून?"

त्याचे कान लाल झाले. "त्यासाठी… आणखी निरीक्षणं लागतील."

देवा! निरीक्षणं!

पाऊस लागला तसा तो आणखी साग बघायला अकोल्याच्या डोंगरात गेला. "लवकर येईन… बहुधा," म्हणाला. मग ना निरोप, ना चिठ्ठी. श्रावणात पावसानं दडी मारली, तशी मीही मनाशी गाठ मारली. "पारनेरचं मास्तर चांगलं स्थळ हाय, पोरी," बाबा म्हणाले. मी मान डोलावली.

आणि भाद्रपदात, पावसाबरोबरच, तो चिखलानं माखून दारात हजर!

"दीनाबाई, हे बघा!" हातात सागाची चकती. "पावसानं मध्येच उघडीप दिली, की सागाला वाटतं, वर्ष सरलं. तो वलय मिटवून टाकतो. मग पाऊस परततो नि तो पुन्हा वाढायला लागतो. एका वर्षात दोन वलयं! पहिलं खोटं."

"सागाला निरोप धाडायला काय झालं होतं पावसाला?"

तो गोंधळला. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये दोघांची नावं वाचतात. कुणाची हरकत असेल तर तिथंच सांगायची. "पारनेरच्या मास्तरांबरोबर माझं नाव दोनदा वाचून झालंय," मी म्हटलं. "या रविवारी शेवटचं."

चकती त्यानं हळूच खाली ठेवली. मग विचारलं, "मास्तर… चांगले आहेत?"

"बहुधा!" मी म्हटलं नि आत जाऊन दार आपटलं.

रविवारी पाळकसाहेबांनी नावं वाचली. "कुणाची हरकत?"

मी मागं पाहिलं. तो शेवटच्या बाकावर होता. ओठ घट्ट मिटलेले, मान खाली… आणि बोट बाकाच्या टोकावरच्या वलयांवरून फिरत होतं!

माझं डोकंच फिरलं. मी उठले.

"माझी आहे."

"अगं, हरकत दुसऱ्यानं घ्यायची असते!"

"दुसरा घेत नाही ना, पाळकसाहेब! तो तिथं बाक तपासतोय!"

सगळी डोकी मागं वळली. याकोब असा ताडकन उठला, की गीतांची पुस्तकं धडाधड खाली पडली.

"काय रं," बाबा कडाडले, "लगीन करनार का माझ्या पोरीशी?"

"हो."

बाबा थांबले. मी थांबले. सगळं चर्च श्वास धरून पुढच्या शब्दाची वाट बघत राहिलं…

तो 'बहुधा' आलाच नाही.